गप्प नवरदेवाचा फार्स

उखा जिभाऊने आयुष्यात तेवीस फार्स लिहिले, आणि त्यातला एकही स्वतःच्या हाताने लिहिला नाही.

कसा लिहिणार? शाळा चौथीत सुटली आणि हातात आला तो बैलांचा कासरा. एसटीची पाटी वाचता यायची, सही ठोकता यायची, पण पानभर मजकूर म्हटला की बोटं आखडायची. त्याचं लिहिणं तोंडाने चालायचं. दिवाळी उरकली, पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊन पडला, की लोणखेड्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर तो उभा राहायचा, उपरणं कमरेला आवळायचा आणि समोर वही उघडून बसलेल्या नवनीतला म्हणायचा, “लिख.”

मग काय विचारता! राजा तोच, राणी तोच, हवालदार तोच आणि हवालदाराची हरवलेली म्हैसही तोच. राणी व्हायची वेळ आली की उपरणं कमरेवरून डोक्यावर यायचं. म्हैस व्हायची वेळ आली की ओट्याच्या खांबाला पाठ घासली जायची. रस्त्याने सायकलवरून जाणारा माणूस एक पाय जमिनीला टेकवून तासभर उभा राहायचा. नवनीत शाळेत क्लार्क होता, त्याचा हात चपळ. जिभाऊचं वाक्य हवेत असतानाच तो ते पकडून कागदावर बसवायचा. कोणी विचारलंच, की जिभाऊ, तुम्ही स्वतः का लिहीत नाही, तर उत्तर ठरलेलं: “लिखाले पेन नही लागस भो, तोंड लागस.”

खानदेशात थोरल्या भावाला मानाने जिभाऊ म्हणतात. याच्या बाबतीत मात्र गाव म्हणायचं, याच्या नावातच जीभ शे.

ज्याने कधी तोंडाला रंग लावून दिव्यांसमोर पाऊल टाकलंय, त्याला या माणसाची किंमत कळेल. यात्रेतला प्रेक्षक तिकीट काढून आलेला नसतो. त्याच्या एका हातात भज्यांचा पुडा असतो, दुसऱ्या हाताशी पोर असतं आणि मागे पाळण्याचा भोंगा वाजत असतो. त्याला तीन तास मातीवर बसवून ठेवायचं म्हणजे वाक्यात जोर लागतो. उखा जिभाऊच्या वाक्यात तो होता. गावच्या भवानीची यात्रा पौषी पौर्णिमेला भरते, आणि तिथे दरसाल नाट्यमंडळाचा नवा फार्स व्हायचा. लेखक, उखा जिभाऊ.

मग गळा गेला.

आधी आवाज बसला. सगळ्यांना वाटलं, मिरचीचा ठसका असेल. त्या दिवसांत नंदुरबारकडे नुसतं जाऊन आलं तरी घसा खवखवतो. पण दोन महिने झाले तरी आवाज उठेना. नाशिकच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, नाहीतर माणूस जाईल. जिभाऊची बायको जसोदाबाई तिथल्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, “काढा. माणूस ठेवा.”

ऑपरेशन झालं. नंतर किरणांच्या शेकाचे तेहेतीस दिवस झाले, त्यात पंधरा किलो वजन उतरलं. घरी येऊन चार महिने होतात न होतात तोच छातीत कफ भरला आणि पुन्हा अकरा दिवस दवाखाना. त्यातूनही उठला. पण आता श्वास गळ्याच्या खालच्या भोकातून चालायचा. त्यावर जसोदाबाईने जुन्या मऊ धोतराच्या शिवलेल्या पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या असायच्या. ओठ हलायचे, जीभ हलायची, हात तर हलायचेच, फक्त आवाज नव्हता.

डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. बटण दाबलं की विहिरीवरच्या मोटारीसारखा आवाज यायचा. पहिल्याच दिवशी जिभाऊ ते लावून बोलला आणि शेजारचा कुत्रा बैलगाडीखाली शिरला. दुकानात साखर मागायला ते यंत्र ठीक होतं. पण एके दुपारी दार लोटून घेऊन त्याने ‘हवालदारनी म्हैस’ या आपल्या गाजलेल्या फार्समधला प्रवेश त्यावर म्हणून पाहिला. राजाही मोटार, राणीही मोटार आणि म्हैससुद्धा मोटार. त्याने यंत्र कोनाड्यात ठेवून दिलं.

अशा दोन यात्रा गेल्या. दोन्ही वर्षी मंडळाने जुनेच फार्स केले. जिभाऊ पहिल्या रांगेत बसला, हसायच्या जागी हसला. त्याच्या हसण्यालाही आवाज नव्हता.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मंडळाचा अध्यक्ष दिनेश घरी आला. खतं-बियाण्यांचं दुकान चालवणारा पंचेचाळिशीचा गडी, आवाज खणखणीत, मनाने मोकळा, आणि दर फार्समध्ये नायक तोच. जसोदाबाईने चहा ठेवला. जिभाऊने बशीत बिस्कीट बुडवून तोंडात टाकलं. ऑपरेशननंतर त्याला गिळायला वेळ लागायचा, घास सावकाश खाली सारावा लागायचा.

“जिभाऊ,” दिनेश म्हणाला, “औंदा तुम्हना जंगी सत्कार करूत. शाल, श्रीफळ, मानपत्र. स्टेजवर खुर्ची. बठ्ठा गाव उभा राहीन टाळ्या वाजाडी.”

जसोदाबाईने विचारलं, “अन् फार्स?”

“‘हवालदारनी म्हैस’च करूत ना वहिनी. जिभाऊनाच शे. नवा आते कोण लिखी?” मग तो जिभाऊकडे वळला. “काही हरकत नही ना, जिभाऊ?”

जिभाऊच्या तोंडात बिस्कीट. त्याने हात वर केला.

“नही ना? झायं मंग!” दिनेशने तो वर आलेला हातच पकडून हलवला, चहा संपवला आणि मोटारसायकलला किक मारली. जिभाऊने घास गिळला तेव्हा मोटारसायकल शहाद्याच्या रस्त्याला लागली होती.

संध्याकाळपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मजकूर आला, की जिभाऊंच्या आनंदी संमतीने यंदा त्यांचा सत्कार. खाली साठ अंगठे. जिभाऊने दिनेशला फोन लावला आणि यंत्र गळ्याला धरून तो चांगला पाच मिनिटं बोलला. दिनेश म्हणाला, “आवाज कटी ऱ्हायना जिभाऊ, पण तुम्हना आनंद समजना!”

फोन ठेवल्यावर जिभाऊ ओट्यावर जाऊन बसला. शाल नको होती असं नाही. शाल कोणाला नको असते? पण स्टेजवरची ती खुर्ची म्हणजे काय, ते नटाला कोणी शिकवावं लागत नाही. त्या खुर्चीवर बसून शाल पांघरलेला माणूस पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत बसतो, त्याच्या पुढच्या वर्षी भिंतीवरच्या फोटोत. त्याला फोटोत जायचं नव्हतं. डोक्यात अजून माणसं येत होती, भांडत होती, एकमेकांच्या पायात पाय घालत होती. त्यांना बाहेर काढायची वाट तेवढी बुजली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मुलाच्या जुन्या दप्तरातली वही काढली आणि स्वतःच्या हाताने दिनेशला लिहिलं. मोठमोठी अक्षरं, एका ओळीत चार शब्द:

“प्रति, मा. अध्यक्ष साहेब. विषय : सत्कार रद्द होऊन नवीन फार्स लिहिण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी उखा, धंदा शेती, माझ्या तोंडात बिस्कीट असल्याकारणाने मला हरकत घेता आली नाही.”

तो कागद घेऊन दिनेश हसतच आला. पण जिभाऊचा चेहरा पाहून त्याचं हसू थांबलं. ओट्याच्या कडेला बसून तो म्हणाला, “जिभाऊ, खरं सांगू का? माले वाटनं तुम्हले त्रास नको. नवा फार्स व्हई तर मन्हाइतका आनंद कोणले? पण पाहा, यात्राले लोक येतस. दया करीसन कोणी हसत नही.”

जिभाऊने जोरात मान हलवली. त्यालाही नेमकं तेच म्हणायचं होतं.

“मंग असं करूत. यात्रानं आधीना तिसरा रविवार, भवानीना मंदिरमा वाचन. फार्स बसना तर फार्स. नही बसना तर गुपचूप शाल लेवानी, तोंड पाडानं नही. कबूल?”

या खेपेला जिभाऊच्या तोंडात काही नव्हतं. त्याने दिनेशच्या हातावर टाळी दिली.

विषय शोधावा लागलाच नाही, दिनेशनेच तो त्या बिस्किटाच्या दिवशी आणून दिला होता. एका नवरदेवाला भगत सांगतो की हळद लागल्यापासून माळ पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, बोललास तर अपशकुन. नवरदेव गप्प बसतो, आणि जो येतो तो त्याच्या गप्प बसण्याला होकार समजतो. काका बैल मागून नेतो. मित्र त्याचं नाव सरपंचाच्या निवडणुकीत टाकून येतो. आत्या आपल्या पोरीचं लग्न याच मांडवात त्याच्याशीच ठरवते. माळ पडेपर्यंत नवरदेवाच्या अंगावर फक्त हळद उरते. झकास! जिभाऊ तीन दिवस वहीवर वाकून बसला. सात पानं झाली. त्याने नवनीतला बोलावणं धाडलं.

नवनीत आता निवृत्त झाला होता, चष्म्याचा नंबर वाढला होता. ओट्यावरच्या आपल्या जुन्या जागी बसून त्याने वही उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“काका : चि. नवरदेव यास कळविण्यात येते की, सदर बैल मला आठ दिवसांकरिता वापरण्यास मिळावा ही नम्र विनंती.”

त्याने चष्म्यावरून वर पाहिलं. जिभाऊ उत्सुकतेने पुढे झुकला होता. नवनीत पुढे वाचू लागला.

“आई : सबब तू मुंडावळ्या बांधून घेण्याची तजवीज करावी. विलंब झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी तुझ्यावर राहील.”

इथे नवनीतचा धीर सुटला. तो हसला, खोकला, चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसला. “जिभाऊ, हाऊ मांडव शे का तहसील कचेरी? नवरदेवनी आई का सर्कल साहेब शे?”

जिभाऊने वही ओढून घेतली आणि तो थेट गोठ्यात जाऊन बसला.

नवनीतला मागून वाईट वाटलं, पण त्याने वाचलं ते खोटं नव्हतं. आपल्याकडे बोलायची भाषा वेगळी आणि कागदाची वेगळी. घरात, बांधावर, मांडवात अहिराणी. कागद पुढे आला की माणूस सावरून बसतो आणि साहेबाच्या भाषेत शिरतो. जिभाऊच्या हाताने आयुष्यात लिहिलं ते काय? विजेचा अर्ज, पीकविम्याचा अर्ज, मुलाच्या दाखल्यासाठी अर्ज. लिहिणं म्हणजे अर्ज, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं. माणसं डोक्यातून अस्सल खानदेशी निघत होती आणि बोटांपर्यंत पोचेतो कचेरीत कामाला लागलेली असत.

दोन दिवस तो कोणाशी नीट वागला नाही. तिसऱ्या दिवशी नवनीत पेरू घेऊन समजूत घालायला आला. जसोदाबाई ओट्यावर सुपात तूर पाखडत होती. जिभाऊ तिच्यासमोर, खांबापाशी उभा. मनातल्या मनात त्या काकाशी त्याचं भांडण चाललं असावं, कारण त्याचे ओठ हलत होते आणि हात बैलाची दोरी ओढत होता.

जसोदाबाईने सूप थांबवलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहून सहज म्हणाली, “काय? ‘तुन्हा बैल तो मन्हा बैल, अन् मन्हा बैल तो मन्हाच बैल?’ कोणले बोली ऱ्हायनात? माले?”

नवनीतच्या हातातला पेरू निसटला. “वहिनी, काय बोलन्यात? परत बोला!”

“मी नही बोलनू भाऊ. ह्या बोलनात.”

अडीच वर्षं जसोदाबाई नवऱ्याचे ओठ वाचत होती. पाणी, ओवा, दार लोट, पट्टी ओली झाली. हे सगळं ती भाकरी थापताना तिरप्या नजरेने वाचायची आणि उत्तर द्यायची. इतकी सवय झाली होती की ती काही वेगळं करते आहे हे तिलाही कळत नव्हतं आणि त्यालाही. घरात जणू दोघंही बोलत होते.

जिभाऊ खांबापासून पुढे झाला. मग त्याने उपरणं कमरेला आवळलं. नवनीतने खिशातून पेन काढलं. कोणी कोणाला काही समजावून सांगितलं नाही. जिभाऊचे ओठ हलले आणि जसोदाबाई म्हणाली, “लिख.”

त्या दिवसापासून लोणखेड्याच्या त्या ओट्यावर पुन्हा माणसं थबकू लागली. जिभाऊ उभा राहून सगळी सोंगं आणायचा, जसोदाबाई सूप मांडीवर घेऊन त्याच्या ओठांवरचं बोलायची आणि नवनीत लिहायचा. ती आधी सपाट बोलायची, किराणा सांगावा तशी. चार दिवसांत काका आला की तिचा आवाज आपोआप जाड होऊ लागला आणि आत्या आली की नाकात जाऊ लागला. कधी जिभाऊ रंगात येऊन मित्राच्या तोंडी एखादी ठेवणीतली शिवी घालायचा. तिथे ती सूप वाजवायची.

“हाई मी नही बोलस.”

जिभाऊ हातवारे करून सांगायचा, की फार्सला लागते.

“लागस तर लागू द्या. त्या माणूसले दुसरी शिकाडा.”

नवनीत मान खाली घालून म्हणायचा, “मी लिखी लिनी, वहिनी. माले समजनी.”

खरं भांडण झालं ते शेवटच्या प्रवेशावर. माळ पडल्यावर नवरीला कळतं की या नवरदेवाने न बोलता बैल घालवला, सरपंचकी ओढवून घेतली आणि आत्याची पोरही पत्करली. जिभाऊने नवरीला रडवलं होतं. ती मांडवाच्या खांबाला धरून हंबरडा फोडते आणि तिचा बाप मधे पडून सगळं निस्तरतो. जिभाऊने खांब धरून ते करून दाखवलं. जसोदाबाई बोलेना.

“रडाव नही ती,” ती म्हणाली.

जिभाऊने भुवया उंचावल्या.

“तुम्हनी प्रत्येक बाई रडस नहीते भांडस. तेवीस फार्स पाह्यात मी, पोरं मांडीवर लिसन. राणी रडस, हवालदारनी बायको रडस. तुम्ही डोकावर उपरणं लेतस अन् रडतस. बाईले आजून काही येस का नही?”

नवनीत पेनाच्या टोपणाशी खेळू लागला. जिभाऊने ओठांनीच विचारलं, मग काय म्हणेल ती?

जसोदाबाईने थोडा विचार केला आणि एक वाक्य सांगितलं. जिभाऊने ते ऐकलं, हात झटकला आणि नवनीतला खूण केली, नको. माझ्या फार्सचा शेवट असा नाही. इतकी वर्षं लोक नवरीच्या रडण्यावर हसत आलेत. त्याने रडणंच ठेवलं. जसोदाबाई सूप उचलून आत गेली आणि दुसऱ्या दिवशी काही न बोलता पुन्हा येऊन बसली.

रविवार उजाडला. वाचनाचा मंडळाचा रिवाज जुना आहे. फार्स लेखकाने स्वतः वाचायचा, एकट्याने, सगळ्या भूमिकांसह. ऐकायला मंडळाची दहा-बारा माणसं आणि छबूबाई. छबूबाई म्हणजे मंदिराची झाडलोट करणारी म्हातारी. तिला कोणी बोलावत नाही. ती झाडू मांडीवर घेऊन दाराशी बसते. फार्स चांगला असेल तर बसून राहते. नसेल तर उठते आणि झाडायला लागते. तिने एकदा झाडू उचलला की तो फार्स संपला, मग अध्यक्ष काहीही म्हणो.

वाचायला नवनीत उभा राहिला, दुसरं कोण राहणार? जिभाऊ खांबाला टेकून बसला, जसोदाबाई दारापाशी छबूबाईच्या मागे. नवनीतने चष्मा नीट केला आणि वाचायला सुरुवात केली. चांगला माणूस, सुंदर अक्षर, पण वाचन म्हणजे शाळेचं परिपत्रक. भगत, आई, नवरदेव, सगळे एका रांगेत उभे राहून हजेरी देऊ लागले. एक पान झालं, दोन झाली. दिनेशने हसायचा प्रयत्न केला. मोहिनी, अंगणवाडीत काम करणारी आणि मंडळाची नायिका, पायाच्या बोटांकडे पाहू लागली. बैलाचं वाक्य आलं आणि सरळ निघून गेलं.

छबूबाईने मांडीवरचा झाडू हातात घेतला.

जिभाऊने ते पाहिलं. एका क्षणात तो उठला, नवनीतच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला. उपरणं कमरेला आवळलं. काका झाला. पोट पुढे, मान वाकडी, दोरी ओढायचा हात. ओठ हलले. सगळ्यांना काका दिसत होता, पण ऐकू काहीच येत नव्हतं.

“तुन्हा बैल तो मन्हा बैल,” दारातून आवाज आला, जाड, घोगरा, लबाड, “अन् मन्हा बैल तो मन्हाच बैल! बोल, हरकत शे का?”

माना वळल्या. जसोदाबाई उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर तसाच, नजर नवऱ्याच्या ओठांवर, बाकी कोणाकडे नाही. गावाने तिला कधी चारचौघांत मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. पहिला दिनेश फुटला, मग सगळे. जिभाऊने हशा संपेपर्यंत थांबून घेतलं. जुना नट, हशा अंगावर कसा घ्यायचा हे तो विसरला नव्हता. मग आत्या झाला. आत्याचा आवाज नाकातून आला. मोहिनी लोळायची बाकी राहिली. एक माणूस नाचत होता, एक बाई बोलत होती, आणि थोड्या वेळाने त्यातलं कोण काय करतंय हे पाहायचंही कोणाला सुचेना. नुसता मांडव दिसत होता, आणि पाटावर बसलेला तो बिचारा गप्प नवरदेव.

छबूबाईने झाडू कधी खाली ठेवला ते कोणी पाहिलं नाही.

शेवटचा प्रवेश आला. जिभाऊने उपरणं डोक्यावर घेतलं, खांबाला धरलं, नवरी झाला. ओठांनी हंबरडा फोडला.

जसोदाबाई गप्प.

जिभाऊने पुन्हा ओठ हलवले. तिने त्याच्याकडे पाहिलं, पूर्ण पाहिलं, आणि मग स्वतःच्या आवाजात, काकाच्या नाही, आत्याच्या नाही, शांतपणे म्हणाली, “कसाले रडू मी? माले हाऊच नवरा पसंत शे. बठ्ठा गावमा हाऊ एकच माणूस मन्हं पुरं आयकी लेस.”

आधी छबूबाईच्या तोंडून एक खुदकन आवाज आला. “खरं शे व माय,” ती म्हणाली, आणि मग जो हशा उसळला तो बायकांच्या बाजूने सुरू झाला, पुरुषांपर्यंत पोचला आणि परत फिरून आला. मोहिनी तोंडाला पदर लावून हसता हसता डोळे पुसत होती.

जिभाऊ खांब धरून उभा होता. त्याच्या तोंडातलं वाक्य काढून तिने आपलं घातलं होतं. सगळे करतात तेच तिनेही केलं होतं. त्याचा राग डोक्यापर्यंत गेला आणि तिथे त्याची गाठ त्या हशाशी पडली. तेवीस फार्स त्याने ऐकले होते, हशाची जात त्याला कळत होती. नवरीच्या रडण्याला लोक हसायचे ते वरच्या वर. हा हशा पोटातून आला होता आणि जाताना काहीतरी मागे ठेवून गेला होता. असं वाक्य आपल्याला का सुचलं नाही, हा एकच विचार त्याच्या मनात उरला.

त्याने डोक्यावरचं उपरणं नीट केलं, जसोदाबाईकडे पाहिलं आणि तिचंच वाक्य ओठांनी म्हणून दाखवलं, शेवटच्या शब्दापर्यंत. मग नवनीतला बोटाने खूण केली. नवनीतने वही उघडून रडणं खोडलं.

“विचारानं व्हतं,” जिभाऊचे ओठ म्हणाले.

“विचारतू तर तुम्ही ‘नही’ बोलतात,” जसोदाबाई म्हणाली. हे मात्र इतरांना अर्धंच ऐकू आलं.

दिनेश उठून आला. त्याचे डोळे चमकत होते. “जिभाऊ, फार्स बसना! औंदा हाऊच. अन् ऐका, नवरदेव तुम्हीच करा. न बोलनारा नवरदेव! तुम्हनाशिवाय कोण करी? बठ्ठी यात्रा रडी दी!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिभाऊने दोन्ही हात वर करून त्या थांबवल्या आणि जसोदाबाईकडे वळून सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलू लागला. ती मागोमाग सांगत गेली.

“नही. मी नही करस. माले पाहीसन लोक बोलतीन, बिचारा. बिचारावर कोण हसी? हाऊ नवरदेव असा पाहिजे की त्याले बोलता येस, तोंडवर शब्द येल शे, अन् तो दाबी ऱ्हायना. दाबता दाबता त्याना जीव जाई ऱ्हायना. तवय हसू येस.” इथे तिने जिभाऊकडे पाहून खात्री करून घेतली आणि हसू आवरत पुढचं सांगितलं. “गावमा सर्वात जास्त बडबड करनारा माणूस पाहिजे. म्हंजे दिनेश.”

देऊळ दणाणून गेलं. दिनेश म्हणाला, “मी? जिभाऊ, मी गप्प नही बसू शकत!”

जिभाऊने मोठ्या आनंदाने मान डोलावली. तेच तर. त्याने मधोमध पाट ओढला, दिनेशला खांदे धरून त्यावर बसवलं, पाठ ताठ केली, हनुवटी थोडी वर केली. मग चार पावलं मागे सरून काका झाला आणि दोरी ओढू लागला. दारातून काकाचा आवाज आला. दिनेशचे गाल फुगले, कान लाल झाले, नाकपुड्या हलल्या.

“पण बैल गाभन...” तो ओरडला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याने स्वतःच्याच तोंडावर हात मारला.

“बैल?” छबूबाई म्हणाली.

जिभाऊने हशा ओसरू दिला. मग बोट वर केलं, दिनेशची हनुवटी पुन्हा सरळ केली आणि दोरी पुन्हा पहिल्यापासून ओढायला घेतली.